पाण्याखालची लगोरी

लगोरी तुम्ही खेळला असालच. सात चपटे दगड एकावर एक रचायचे, चेंडूने ते पाडायचे आणि चेंडूचा मार चुकवत पुन्हा रचायचे. दगड चपटे असले तर हे काम सोपे. पण समजा, कोणी तुम्हाला म्हणाले, "आजच्या लगोरीतले दगड ओबडधोबड असतील. ती काचेच्या पेटीत, पाण्याखाली रचायची. पेटीत पाण्याचा प्रवाह रात्रंदिवस चालू राहील. लगोरीच्या पायथ्याशी बिळे खोदणारे प्राणी राहतील. आणि ही लगोरी दहा वर्षे पडता कामा नये!" मग तुम्ही काय कराल?

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा असतो. गोड्या पाण्याच्या पेटीत चार गोटे आणि दोन वनस्पती ठेवल्या तरी भागते. समुद्रातील प्रवाळभित्तीवर राहणारे मासे, कोळंब्या व खेकडे पाळायचे, तर मात्र पेटीत दगडांची छोटी टेकडी उभारावी लागते. ती टेकडी पडली तर काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा प्रथम तीच हकिगत सांगतो.

न लावलेल्या हाताची करामत

माझी पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर उंच होती. म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे २०० लिटर पाण्याची. तीत प्रवाळ नव्हते. चुनखडीचे दगड, क्लाउन माशांची एक जोडी आणि एका बिळात राहणारे गोबी मासा व कोळंबी, एवढाच संसार होता. दगडांच्या रचनेत मला विशेष आवडणारी वस्तू म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीची एक जाड शिळा. तिचे मागचे टोक एका बुटक्या दगडावर टेकले होते, मधला भाग पुढच्या उंच खांबाच्या कडेवर होता, आणि पुढचे टोक वर उचललेले, मोकळे होते. बंदरातील धक्का जसा पाण्यावर पुढे आलेला दिसतो, तशी ती दिसे.

रचण्यापूर्वी मी ती पेटीबाहेर, जमिनीवर रचून पाहिली होती. टिचकी मारली, हाताने दाबली, शिळा हलली नाही. मग तीच रचना पेटीत केली. आठ महिने ती तशीच उभी राहिली.

एका रविवारी पाणी बदलण्यासाठी मी रबरी नळीने थोडे पाणी काढत होतो. दगडांना हात लावला नव्हता. कोणी पेटीला धक्का दिला नव्हता. पाण्याची पातळी खांबाच्या माथ्यापर्यंत उतरली आणि शिळेचे मागचे टोक हळूच वर उचलले गेले. शिळा क्षणभर डोलली, पुढे घसरली आणि तिचे टोक समोरच्या काचेवर आदळले. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग वर चढली. तिच्यातून पाणी झिरपू लागले.

पुढचे तीन तास घरातल्या सर्व बादल्या कामी आल्या. विजेचे सर्व खटके आधी बंद केले, कारण खारे पाणी आणि वीज यांची गाठ पडणे फार वाईट. क्लाउन मासे वाचले. कोळंबी वाचली. खांबाखालच्या बिळात राहणारा गोबी मात्र दगड काढल्यावर मेलेला सापडला.

आता कोडे असे आहे. शिळा हवेत स्थिर होती. पूर्ण पाण्यात बुडाली असतानाही स्थिर होती. मग पाणी अर्धवट उतरले तेव्हाच ती का पडली? उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. शाळेच्या पुस्तकातले आर्किमिडीजचे तत्त्व आणि तरफेचा नियम एवढी शिदोरी पुरेशी आहे.

पाण्यात दगड हलका होतो, तो किती?

आर्किमिडीजचे तत्त्व सांगते की, पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. घट्ट चुनखडीची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून थोडे जड, म्हणजे एका लिटरला सुमारे १.०२५ किलोग्रॅम.

दहा किलोचा चुनखडीचा दगड घ्या. त्याचे आकारमान १० ÷ २.७, म्हणजे ३.७ लिटर. तो ३.८ किलो समुद्रपाणी बाजूला सारतो. म्हणून पाण्यात त्याचे वजन केवळ ६.२ किलो भरते. थोडक्यात, पाण्यात शिरताच दगडाचे सुमारे ३८ टक्के वजन नाहीसे होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दगडावर दगड टिकतो तो बराचसा घर्षणामुळे, आणि घर्षण हे दाबावर अवलंबून असते. हवेत हा दगड दुसऱ्या दगडावरून सरकवायला समजा सहा किलो वजनाइतके बल लागते. पाण्यात त्याच कामाला ३.७ किलो पुरते. पण प्रवाहाचा रेटा, माशाच्या शेपटीचा फटका किंवा काच पुसणाऱ्या हाताचा धक्का काही त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून जमिनीवर 'जेमतेम' उभी राहिलेली रचना पाण्यात भरवशाची नसते. जमिनीवर ती चांगली दणकट वाटली पाहिजे, तेव्हा कुठे ती पाण्यात पुरेशी ठरते.

कोडे सुटले

आता माझ्या शिळेकडे वळू. हिशोबाच्या सोयीसाठी ती सगळीकडे सारख्या जाडीची धरू. वजन सहा किलो, लांबी ४० सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला १५० ग्रॅम. खांबाच्या कडेपासून मागे २२ सेंटिमीटर आणि पुढे १८ सेंटिमीटर. खांबाची कड हा झाला तरफेचा टेकू.

मागच्या भागाचे वजन ३.३ किलो. त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून ११ सेंटिमीटरवर. गुणाकार ३६.३. पुढच्या भागाचे वजन २.७ किलो, गुरुत्वमध्य ९ सेंटिमीटरवर. गुणाकार २४.३. मागचा गुणाकार मोठा, म्हणून शिळा मागे टेकून स्थिर. हवेतली गोष्ट ही अशी.

संपूर्ण पाण्यात दोन्ही बाजूंचे वजन सारख्याच प्रमाणात घटते. मागचा गुणाकार ३६.३ चा २२.५ होतो, पुढचा २४.३ चा १५.१ होतो. मागची बाजू अजूनही वरचढ. शिळा स्थिर.

आता पाणी टेकूच्या पातळीपर्यंत उतरवा. पुढचे टोक वर उचललेले असल्याने ते पाण्याबाहेर आले. त्याला पाण्याचा आधार उरला नाही, म्हणून त्याचा गुणाकार पुन्हा २४.३ झाला. मागचा भाग मात्र पाण्यातच आहे, त्याचा गुणाकार २२.५ च. पुढची बाजू जड झाली! मागचे टोक उचलले गेले, टेकू सुटला आणि उरलेले काम उताराने केले. शिवाय दगड सच्छिद्र असेल, तर बाहेर आलेल्या भागाच्या छिद्रांत साचलेले पाणीही त्या बाजूच्या वजनात भर घालते.

म्हणजे रचना भरल्या पेटीत तपासून चालत नाही आणि रिकाम्या पेटीतही तपासून चालत नाही. पाण्याची पातळी चढताना व उतरताना प्रत्येक टप्प्यावर ती उभी राहते का, हे पाहावे लागते. मी हे पाहिले नव्हते, आणि त्याची किंमत त्या बिचाऱ्या गोबीने मोजली.

मुळात दगड हवेत कशाला?

तुम्ही विचाराल, एवढा धोका असेल तर दगड ठेवायचेच कशाला? शोभेसाठी?

शोभा हे दुय्यम कारण आहे. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. समुद्र अफाट आहे, तेथे तो विरून जातो. २०० लिटरच्या पेटीत तो साठत जातो आणि माशांना विषासारखा बाधतो. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर वाढणारे जीवाणू हे संकट टाळतात. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यामानाने पुष्कळच कमी घातक असते. दगडाच्या आत खोलवर, जेथे ऑक्सिजन जवळजवळ पोहोचत नाही, तेथे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. शेतकऱ्याच्या जमिनीत चालणारे नत्रचक्रच येथे दगडाच्या पोटात चालते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आणून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग. समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड पेटीत ठेवून, जवळजवळ केवळ हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने प्रवाळ व मासे कसे सांभाळता येतात, हे त्यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लिहिले. त्या काळी बहुतेक लोक खाऱ्या पाण्याच्या पेटीतले सर्व काही धुऊन, निर्जंतुक करून ठेवत. पुढे जर्मनीतील बर्लिन शहरच्या हौशी मंडळींनी असे 'जिवंत दगड' आणि पाण्यातील घाण फेसावाटे काढणारे यंत्र यांची जोडी जमवली. ही पद्धत बर्लिन पद्धत या नावाने जगभर पसरली.

तेव्हा दगडांची टेकडी हे पेटीचे एक प्रकारे यकृत आहे. मात्र ते काम करण्यासाठी प्रत्येक दगडाभोवती पाणी खेळले पाहिजे. दगड भिंतीसारखे गच्च रचले तर मधल्या फटीत घाण साचते आणि ती कुजते. म्हणून रचना घट्ट हवी आणि मोकळीही हवी! या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खरी कसोटी येथेच लागते.

चुलीचे तीन दगड

यावर पहिला उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. शेतात तीन दगडांची चूल मांडली की तीवर भांडे डुगडुगत नाही. जमीन उंचसखल असली तरी नाही. चार पायांचे टेबल मात्र जरा फरशी वाकडी असली की डुगडुगते. याचे कारण भूमितीत आहे. एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू एका पातळीत असतातच. चौथा बिंदू त्या पातळीत असेलच असे नाही.

ओबडधोबड दगडावर दगड ठेवताना हाच नियम पाळावा. वरचा दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे. ते तीन बिंदू जोडून होणाऱ्या त्रिकोणाच्या आत वरच्या दगडाच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पडला पाहिजे. ओळंबा त्रिकोणाच्या मध्याजवळ पडला तर उत्तम. कडेजवळ पडला तर दगड उभा राहील, पण थोड्या धक्क्याने कलंडेल.

तपासणी सोपी आहे. दगड ठेवा, हात काढा आणि मग एका बोटाने त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर दाब द्या. एखादा कोपरा दबला तर दगड फिरवून दुसरी बाजू टेकवून पाहा. प्रत्येक दगडाला 'बसायची' एखादी जागा असते. गवंडी दगड हातात घेऊन दोनचार वेळा फिरवतो, तो हीच जागा शोधत असतो. कोकणात आवाराभोवती दगडांचे गडगे रचतात, त्यांत चुना नसतो, सिमेंट नसते. दगडाला त्याची जागा सापडली की पावसाळ्यामागून पावसाळे गडगा उभा राहतो. पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद, ही गडग्याची ठेवणही उचलण्यासारखी आहे, कारण त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो.

तीनच बिंदूंवर टेकलेल्या दगडांमध्ये भरपूर पोकळी राहते, हा दुसरा फायदा. पाणी खेळते, मासे लपतात, घाण अडकत नाही. म्हणजे 'घट्ट' आणि 'मोकळे' यांचे भांडण चुलीच्या तीन दगडांनी मिटवले!

पुढे किती डोकवायचे?

गुहा आणि कमानी पेटीत सुंदर दिसतात, म्हणून दगड पुढे काढण्याचा मोह होतो. त्याला मर्यादा किती? येथे एक गमतीचे गणित आहे. सारख्या विटा घ्या. टेबलाच्या कडेवर एक वीट ठेवली तर ती जास्तीत जास्त अर्धी पुढे काढता येते. दोन विटा असतील तर वरची खालचीच्या पुढे अर्धी आणि खालची टेबलाच्या पुढे पाव. तीन असतील तर आणखी एक षष्ठांश, चार असतील तर आणखी एक अष्टमांश. चारांची बेरीज करा: अर्धा, पाव, एक षष्ठांश आणि एक अष्टमांश मिळून पंचवीस चोविसांश. ती एकापेक्षा जास्त आहे! म्हणजे सर्वांत वरची वीट टेबलाच्या पूर्णपणे बाहेर जाऊनही रचना उभी राहू शकते.

कागदावर हे खरे आहे. पण या रचनेत प्रत्येक टप्प्यावर ओळंबा नेमका कडेवर पडतो. माशी बसली तरी ती ढासळेल. पेटीतल्या दगडाला सुरक्षिततेचा वाव ठेवावा लागतो. माझा आजचा नियम असा: चिकटवल्याशिवाय कोणताही दगड आपल्या लांबीच्या एक तृतीयांशाहून अधिक पुढे काढायचा नाही. माझ्या पडलेल्या शिळेत हे प्रमाण ४५ टक्के होते. एक तृतीयांशाचे गणित वरील पद्धतीने तुम्हीच करून पाहा. पाणी कितीही उतरले तरी तोल मागेच राहतो, असे तुम्हाला आढळेल.

आणखी एक गोष्ट विसरू नये. ज्या पेट्यांत प्रवाळ ठेवतात, तेथे रचनेचे वजन वर्षानुवर्षे बदलते. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे दगडाचाच असतो. फांद्यांचे काही प्रवाळ वर्षाकाठी कित्येक सेंटिमीटर वाढतात, आणि ते प्रकाशाकडे, म्हणजे वर आणि पुढे वाढतात. आज मध्यावर असलेला तोल तीन वर्षांनी कडेवर आलेला असतो. दगड तोच, पण त्याच्या डोक्यावरचे ओझे नवे!

आधी दगड, मग वाळू

नवशिक्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे पेटीत प्रथम वाळू पसरणे आणि तिच्यावर दगड रचणे. दिसायला ते ठीक दिसते. पण वाळू हा पाया नव्हे. माझ्या पेटीतला गोबी आठवा. हा आपल्या खाडीतल्या निवटीचा नातलग. गोबीच्या काही जाती पिस्तूल कोळंबीच्या बिऱ्हाडात राहतात. कोळंबीची नजर अधू असते. ती दिवसभर वाळू उपसून बीळ खोदते आणि गोबी दाराशी पहारा करतो. संकट दिसले की तो शेपटी हलवून इशारा देतो. मोठी मौजेची भागीदारी आहे ही! पण ती कोळंबी खोदते ती नेमकी दगडाच्या बुडाखाली, कारण तेथे छप्पर आयते मिळते. वाळूवर ठेवलेला दगड तिने पोखरला तर तो तिच्याच डोक्यावर बसतो.

म्हणून सर्वांत खालचे दगड पेटीच्या तळावरच ठेवावेत, रचना पुरी करावी आणि मग भोवती वाळू ओतावी. मग कोळंबीने कितीही खोदले तरी दगड हलत नाही.

आता दुसरी काळजी. दगड काचेवर ठेवला तर काच फुटणार नाही का? ५० सेंटिमीटर पाण्याचा तळावरील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० ग्रॅम असतो. तीस किलो दगड पाण्यात १८.६ किलो भरतात. ते तीन टोकांवर टेकले आणि प्रत्येक टोक एक चौरस सेंटिमीटरचे असले, तर तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६.२ किलो होतो. पाण्याच्या दाबाच्या सव्वाशे पट! टाचणीचे डोके बोटाला टोचत नाही पण टोक टोचते, त्यातलाच हा प्रकार. काच ठिसूळ असते. बारीक ओरखड्याशी ताण एकवटला की ती एकदम तडकते. म्हणून दगडाखाली प्लॅस्टिकचा सपाट, जाड पत्रा घालतात आणि खालच्या दगडांची बुडे घासून सपाट करतात. ओझे पसरले की दाब उतरतो. शिवाय रचना आणि काच यांच्यामध्ये सर्व बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडावी. काच पुसताना धक्का लागत नाही आणि पाणीही मागून फिरते.

खुंट्या, गोंद आणि सिमेंट

उंच रचनेत नुसत्या तोलावर विसंबू नये. दोन दगडांना भोके पाडून त्यांत प्लॅस्टिकची खुंटी बसवली तर ते सरकू शकत नाहीत. लोखंडाची खुंटी मात्र चालत नाही. खाऱ्या पाण्यात ती गंजते, आणि गंजताना फुगून दगडच फोडते. दोन भाग मळून वापरायचे इपॉक्सी लुकण पाण्याखालीही घट्ट होते. सिमेंटही वापरतात, पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी फार अल्कधर्मी होते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो, तो ९ च्या पुढे गेला तर मासे जगणार नाहीत. म्हणून सिमेंटचे काम पेटीबाहेर करून, पाणी बदलत काही आठवडे भिजत ठेवून मगच आत आणावे.

आणि दगड आणायचे कोठून? कृपा करून समुद्रातून नव्हे. आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणजवळच्या समुद्रात आहेत, आणि विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर आंग्रिया बँक नावाच्या पाण्याखालच्या पठारावर आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. ते तोडणे वा विकणे गुन्हा आहे. पेटीसाठी खाणीतली चुनखडी किंवा सिमेंटचे बनवलेले दगड पुरतात. स्वच्छ धुऊन ठेवलेल्या कोऱ्या दगडावर काही आठवड्यांत उपयुक्त जीवाणू आपोआप घर करतात. थोडा धीर धरला की झाले.

निसर्गाचा गवंडी

पेटीतला प्रश्न समुद्राने कसा सोडवला असेल? खऱ्या प्रवाळभित्तीवर लाटांचा मारा अखंड चालू असतो, तरी ती उभी राहते. पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर १९५२ साली खोल छिद्रे पाडली, तेव्हा खालचा ज्वालामुखी खडक लागेपर्यंत हजार मीटरांहून अधिक प्रवाळी चुनखडी लागली. चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलेल्या कल्पनेला, की ज्वालामुखी बेटे खचत गेली आणि प्रवाळ वर वर वाढत गेले, त्यामुळे मोठा आधार मिळाला. एवढी उंच लगोरी कोणी सांधली?

प्रवाळ विटा पुरवतात, पण सांधकाम करतात ती गुलाबी, दगडासारखी कठीण शैवाले. त्यांच्या पेशीभित्तींत कॅल्शियम कार्बोनेट साठते. ती सुट्या तुकड्यांवर पसरतात आणि एकाला दुसऱ्याशी बांधून टाकतात. जुन्या पेटीतल्या दगडांवर गुलाबी-जांभळे डाग दिसतात, ते याच शैवालांचे. म्हणजे काही वर्षे रचना हलली नाही तर निसर्गाचा गवंडी पेटीतही येतो. अट एकच, दगड हलता कामा नये.

ही अट किती महत्त्वाची आहे हे इंडोनेशियात दिसून आले. तेथे काही ठिकाणी सुरुंग उडवून मासेमारी केली गेली. स्फोटाने प्रवाळभित्तीचा चुरा झाला आणि समुद्रतळावर खडी पसरली. आसपास जिवंत प्रवाळ होते, त्यांची पिल्ले पाण्यातून तरंगत येत होती, तरीही वर्षानुवर्षे तेथे नवीन भित्ती उभी राहिली नाही. कारण प्रवाहाबरोबर खडी सारखी गडगडत राही आणि तिच्यावर बसलेले पिल्लू घासले जाई किंवा गाडले जाई. कोमोडो राष्ट्रीय उद्यानात शास्त्रज्ञांनी त्या खडीवर मोठमोठ्या दगडांचे ढीग रचून पाहिले. ढीग हलले नाहीत. त्यांच्यावर प्रवाळ रुजले, वाढले, आणि मासे परत आले. तेथे प्रवाळ लावावे लागले नाहीत. त्यांना पाय रोवायला जागा तेवढी करून द्यावी लागली.

माझ्या पेटीचे आणि कोमोडोच्या समुद्राचे सांगणे एकच आहे. जीव आपले घर स्वतः करतो, पण त्याला न हलणारा पाया लागतो.

करून पाहा

घरी समुद्री पेटी नसली तरी माझ्या शिळेचे कोडे तुम्ही बादलीभर पाण्यात पाहू शकता. शहाबादी फरशीची ४० सेंटिमीटर लांब, अरुंद व सरळ पट्टी घ्या. शहाबादी फरशी ही चुनखडीच असते. एका मोठ्या टबात एक वीट उभी करा आणि मागे एक वीट आडवी ठेवा. पट्टीचे मागचे टोक आडव्या विटेवर आणि मधला भाग उभ्या विटेच्या कडेवर टेकवा. कडेच्या मागे २१ सेंटिमीटर आणि पुढे १९ सेंटिमीटर राहू द्या. पट्टी हवेत स्थिर राहते ना, ते पाहा. आता पट्टी पूर्ण बुडेपर्यंत हळूहळू पाणी भरा. मागचे टोक केव्हा उचलले जाते आणि केव्हा पुन्हा टेकते, त्या वेळी पाणी कोठपर्यंत होते, याची नोंद ठेवा. मग पाणी हळूहळू काढताना तीच नोंद पुन्हा करा. पट्टी घसरली तर पायावर पडणार नाही अशी काळजी घ्या.

नंतर पुढे १८, १७, १६ सेंटिमीटर ठेवून प्रयोग करा. कोणत्या मापापासून पट्टी मुळीच उचलली जात नाही? पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची धरून ते माप आधी गणिताने काढा आणि मग प्रयोगाशी ताडून पाहा. शिक्षकांनी वर्गात हे गणित फळ्यावर सोडवून घेतले, तर आर्किमिडीज आणि तरफ ही दोन वेगवेगळ्या धड्यांतली मंडळी एकाच टबात भेटतील.